हातातल्या कन्सोलवर मिळून खेळायचं तर खर्च किती आणि जमतं कितपत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हँडहेल्ड कन्सोल घेताना बहुतेक जण आधी यंत्राची किंमत विचारतात. एकट्याने खेळायचं असेल तर ते ठीक आहे. पण मिळून खेळायचं असेल तर आधी भिडूंचा हिशेब करा. किती जण खेळणार, एका जागी बसून की आपापल्या घरून, आणि त्यांच्याकडे आधीच काय आहे? खर्चाचा आकडा या तीन गोष्टींवर ठरतो.

खाली निन्टेंडो स्विच, स्विच २ आणि स्टीम डेक (संगणकावरचे, 'स्टीम' या ऑनलाइन दुकानातले गेम चालवणारं हँडहेल्ड) ही नावं सारखी येतील, कारण मिळून खेळणाऱ्यांची निवड बहुधा यांतूनच होते. किमती अमेरिकेत जाहीर झालेल्या डॉलरमधल्या आहेत. तुमच्या हाती येणारा आकडा वेगळा असेल, पण एका खर्चाचं दुसऱ्याशी असलेलं प्रमाण लक्षात यायला त्या पुरेशा आहेत.

चौघांनी खेळायचं तर एकूण किती खर्च धरायचा?

मूळ स्विच मार्च २०१७ मध्ये सुमारे ३०० डॉलरला आला. तेव्हा जॉय-कॉनची, म्हणजे स्विचच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरची, जादा जोडी साधारण ८० डॉलरला आणि मोठ्या कंपनीचा नवा गेम ६० डॉलरला मिळायचा. चौघं एका खोलीत बसून एकाच स्विचवर खेळणार असतील तर एक कन्सोल, एक जादा जोडी आणि एक गेम मिळून ४४० डॉलर होतात. म्हणजे माणशी ११०.

आता हेच चौघं चार घरांत आहेत असं धरा. प्रत्येकाला कन्सोल हवं, गेमची स्वतःची प्रत हवी आणि ऑनलाइन खेळण्याची वर्षाची वर्गणी हवी, जी एकट्यासाठी २० डॉलर आहे. माणशी ३८०, चौघांचे १५२०. गेम तोच, माणसं तीच, आणि खर्च जवळजवळ साडेतीन पट.

म्हणून "कन्सोल परवडेल का" या प्रश्नाला मी थेट उत्तर देत नाही. तुमची मंडळी आठवड्यातून एकदा तरी एकत्र जमते का, ते आधी सांगा. जमत असेल तर इतक्या कमी खर्चात इतकी करमणूक फार थोड्या गोष्टी देतात. सगळे वेगवेगळ्या शहरांत असतील, तर दर माणशी पूर्ण संच लागणार हे गृहीत धरूनच पुढे जा.

एवढ्याशा पडद्यावर चार जण खेळू शकतात का?

खेळ कोणता आहे त्यावर अवलंबून आहे. मूळ स्विचचा पडदा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ६.२ इंच आहे. शर्यतीच्या खेळात पडद्याचे चार भाग झाले की प्रत्येकाच्या वाट्याला ३.१ इंचांचा तुकडा येतो, आणि तोही हातभर लांबून बघायचा. वळण कुठे आहे ते कळतं, पण पुढे रस्त्यात काय पडलंय ते कळेपर्यंत गाडी त्यावर गेलेली असते. दोघांसाठी हे चालतं. चौघांसाठी टीव्हीला जोडणंच बरं.

ज्या खेळांत सगळे एकाच दृश्यात वावरतात, उदाहरणार्थ 'ओव्हरकुक्ड'सारखे, तिथे पडदा विभागला जात नाही. तिथे चौघंही छोट्या पडद्यावर निभावून नेतात, फक्त दाटीवाटीने बसावं लागतं.

मूळ स्विच उभा ठेवायचा टेकू अगदी अरुंद आहे, टेबलाला धक्का लागला की कन्सोल आडवं. शिवाय चार्जिंगची खाच तळाला असल्यामुळे उभ्या कन्सोलला वायर लावता येत नाही. २०२१ च्या ओएलईडी मॉडेलमध्ये टेकू पूर्ण रुंदीचा झाला आणि पडदा ७ इंचांचा. स्विच २ मध्ये वरच्या बाजूला दुसरी खाच दिली आहे. ही गोष्ट बारीक वाटते, पण चार जण टेबलाभोवती रंगात आले असताना बॅटरी संपली की तिचं महत्त्व कळतं.

स्विच लाइट मात्र या कामासाठी घेऊ नका. त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, टेकू नाही आणि तो टीव्हीला जोडता येत नाही. वेगळे जॉय-कॉन घेऊन खेळता येतं, पण मग स्वस्त यंत्र घेण्याचा फायदा तिथेच संपतो. एकट्यासाठी किंवा दुसऱ्या स्विचच्या जोडीला तो उत्तम आहे.

कंट्रोलर किती लागतील?

स्विचसोबत मिळणाऱ्या जोडीतला प्रत्येक जॉय-कॉन आडवा धरला की स्वतंत्र कंट्रोलर होतो. म्हणजे खोक्यातूनच दोघांची सोय होते. आडव्या जॉय-कॉनच्या वरच्या कडेवर एसएल आणि एसआर ही दोन बटणं असतात. ती नुसत्या बोटांनी दाबणं जिकिरीचं जातं, म्हणून सोबत आलेल्या दोरीच्या पट्ट्या त्यावर सरकवून बसवाव्यात. त्याने बटणं उंच आणि रुंद होतात. बरेच जण त्या पट्ट्या खोक्यातून बाहेरही काढत नाहीत आणि मग हात दुखतात म्हणतात.

सगळे खेळ मात्र एका जॉय-कॉनवर चालत नाहीत, कारण बटणं निम्मी होतात. घेण्याआधी तपासा. स्टीम डेकचे कंट्रोलर यंत्रातच आहेत, त्यामुळे दुसऱ्या भिडूसाठी वेगळा कंट्रोलर हवाच. पण घरात एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशनचा ब्लूटूथ कंट्रोलर पडून असेल तर तो चालतो, नवा घ्यावा लागत नाही.

प्रत्येकाला गेमची स्वतंत्र प्रत घ्यावीच लागते का?

एका कन्सोलवर खेळताना नाही. प्रत्येकाच्या हातात वेगळं कन्सोल असेल तर बहुतेक वेळा हो. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात. "आम्ही चौघांनी स्विच घेतले, गेम एकाने घेतला, आता खेळू" असं होत नाही. शेजारी शेजारी बसून लोकल वायरलेसवर, म्हणजे कन्सोल इंटरनेटशिवाय एकमेकांना थेट जोडून, खेळतानाही साधारणपणे प्रत्येक कन्सोलमध्ये तो गेम असावा लागतो.

पूर्वी या बाबतीत जास्त उदारपणा होता. २००४ च्या निन्टेंडो डीएसमध्ये 'डाउनलोड प्ले' होतं. एकाकडे कार्ट्रिज असलं की शेजारच्यांच्या डीएसमध्ये खेळाचा काही भाग तात्पुरता उतरायचा आणि सगळे खेळायचे. कन्सोल बंद केलं की तो भाग पुसला जायचा. एका मुलाकडचा गेम साऱ्या मित्रांना पुरायचा. स्विचमध्ये ही सोय सर्रास राहिली नाही, आणि ती जायला नको होती असं मला मनापासून वाटतं.

स्विच २ मध्ये ती 'गेमशेअर' या नावाने काही प्रमाणात परत आली. गेम एकाकडे असला की आणखी तिघांना सामील करून घेता येतं. समोरासमोर असाल तर जुना स्विचवालाही पाहुणा म्हणून येऊ शकतो. ऑनलाइन मात्र सगळ्यांकडे स्विच २ हवा. आणि ही सोय ज्या गेममध्ये दिली आहे तिथेच चालते, म्हणून गेमच्या माहितीत तसा उल्लेख बघूनच भरवसा ठेवा.

स्टीम डेकवर 'रिमोट प्ले टुगेदर' हा चांगला मार्ग आहे. एकाच पडद्यावर मिळून खेळायचा गेम एकाकडे असला की दुसरे इंटरनेटवरून त्यात येतात, त्यांना गेम विकत घ्यावा लागत नाही. गेम यजमानाच्या यंत्रावर चालतो आणि बाकीच्यांना चित्र पाठवलं जातं. त्यामुळे यजमानाचा अपलोड वेग कमी असेल तर सगळ्यांचाच खेळ अडखळतो. झटपट प्रतिसाद लागणाऱ्या मारामारीच्या खेळांपेक्षा शांतपणे, पाळीपाळीने खेळायच्या गेमना ही रीत जास्त मानवते.

घरातल्या घरात गेम वाटून घेता येतात का?

येतात. कार्डावरचा गेम या हातातून त्या हातात जातो आणि नंतर विकताही येतो, म्हणून मुलांच्या घरात मी कार्डाच्याच बाजूने आहे. डाउनलोड केलेल्या गेमसाठी निन्टेंडोने २०२५ मध्ये 'व्हर्च्युअल गेम कार्ड' आणलं. कुटुंब-गटातल्या सदस्याला गेम १४ दिवसांसाठी उसना देता येतो. तेवढ्या काळात तो आपल्याकडे चालत नाही.

स्टीमच्या कुटुंब-गटात ६ जण बसतात. एकाच वेळी एक जण एक गेम आणि दुसरा दुसरा गेम खेळू शकतो. तोच गेम दोघांना एकत्र खेळायचा असेल तर दोन प्रती लागतात. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. तुमची प्रत वापरून कुणी चीटिंग केली आणि त्याच्यावर बंदी आली, तर त्या गेममध्ये बंदी तुमच्यावरही येते. म्हणून गटात घ्यायची माणसं विचार करून घ्या.

दोन भावंडं, एक कन्सोल. दोघांचा खेळ वेगळा राहील का?

प्रत्येकाचं प्रोफाइल वेगळं केलं तर बहुतेक गेममध्ये प्रगती वेगळी साठवली जाते. मोठा अपवाद 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'चा. तिथे एका कन्सोलवर एकच बेट असतं. घरातले सगळे त्याच बेटावर राहतात, आणि बेटाची कथा पुढे नेण्याचा मान पहिल्या आलेल्याला मिळतो. मागून आलेल्या भावंडाला आपलं स्वतंत्र बेट मिळत नाही, त्यासाठी दुसरं कन्सोल घ्यावं लागतं. तो गेम भेट म्हणून देणार असाल तर आधी हे दोघांना नीट समजावून सांगा. लहान मुलांना ही गोष्ट फार लागते.

ऑनलाइन खेळायला वर्गणी भरावीच लागते का?

स्विचवर विकतच्या गेमसाठी हो. ही वर्गणी सप्टेंबर २०१८ पासून सुरू झाली. एकट्यासाठी वर्षाला सुमारे २० डॉलर, आणि कुटुंब-गटासाठी ३५ डॉलर, ज्यात ८ खाती बसतात. म्हणजे घरात दोघे जरी ऑनलाइन खेळत असतील तरी कुटुंबाचीच वर्गणी स्वस्त पडते. महिन्याची वर्गणी ४ डॉलर आहे. सुट्टीपुरतंच खेळणाऱ्याने ती घ्यावी आणि आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करावं.

'फोर्टनाइट' आणि 'रॉकेट लीग'सारख्या फुकट गेमना स्विचवर वर्गणी लागत नाही. शेजारी बसून लोकल वायरलेसवर खेळायला वर्गणीही लागत नाही आणि इंटरनेटही नाही. स्टीम डेकवर ऑनलाइन खेळण्याची वेगळी वर्गणीच नाही. डेकची सुरुवातीची किंमत २०२२ मध्ये ४०० डॉलर होती, म्हणजे मूळ स्विचपेक्षा १०० जास्त. हा फरक वर्गणीच्या बचतीतून पाचएक वर्षांत भरून निघतो. गेमवर मिळणाऱ्या मोठ्या सवलती धरल्या तर त्याच्या कितीतरी आधी.

मित्रांकडे वेगळं यंत्र आहे. एकत्र खेळता येईल?

गेममध्ये क्रॉस-प्ले, म्हणजे वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळण्याची सोय, असेल तर. 'फोर्टनाइट', 'रॉकेट लीग', 'माइनक्राफ्ट', 'अमंग अस' यांत आहे. 'स्टारड्यू व्हॅली'मध्ये नाही. स्विचवरचा शेतकरी संगणकावरच्या शेतात जाऊ शकत नाही, आणि हे न तपासता घेतलेल्या प्रती वाया जातात. आधी गट काय खेळतो ते ठरवा, मग कोणाकडे कोणतं यंत्र आहे ते बघा, आणि सगळ्यात शेवटी आपलं कन्सोल निवडा.

फोन हातात असताना कन्सोल कशाला?

प्रश्न रास्त आहे. 'अमंग अस' फोनवर फुकट मिळतो आणि स्विचवर तोच विकत घ्यावा लागतो. तुमच्या गटाचे आवडते खेळ असेच असतील तर पैसे वाचवा.

कन्सोलची खरी जमेची बाजू एकाच पडद्याभोवती बसण्यात आहे. फोनवर चौघं खेळतात तेव्हा चौघांच्या माना चार दिशांना खाली असतात, आणि मध्येच कुणाचा तरी कॉल येऊन डाव मोडतो. एका पडद्यासमोर आजोबांनाही कंट्रोलर देता येतो, आणि कुणाचंही खातं उघडावं लागत नाही. खात्याशिवाय, पासवर्डशिवाय, "आधी हे अ‍ॅप घ्या" असं न म्हणता समोरच्याला खेळात घेता येणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

खेळताना बोलायचं कसं?

मूळ स्विचचं हे दुखणं आहे. त्याच्या बऱ्याच गेममध्ये बोलण्यासाठी फोनवरचं वेगळं अ‍ॅप लागतं. 'फोर्टनाइट'सारख्या काही गेममध्ये मात्र हेडसेट थेट कन्सोलला लावून बोलता येतं. बाकी वेळी बहुतेक गट फोनवर ग्रुप कॉल लावून मोकळे होतात. एका कानात फोनचा इअरफोन, दुसऱ्या कानाने गेमचा आवाज. दिसायला बरं नसलं तरी ते चालतं.

ब्लूटूथ हेडफोन घेणार असाल तर मूळ स्विचच्या तीन मर्यादा माहीत असू द्या. त्यांचा माइक चालत नाही. ते जोडलेले असताना दोनच वायरलेस कंट्रोलर जोडता येतात. आणि लोकल वायरलेस सुरू झालं की त्यांचा आवाज तुटतो. मिळून खेळताना या तिन्ही गोष्टी आड येतात, म्हणून वायरवाला साधा हेडसेट घ्या.

स्विच २ मध्ये 'गेमचॅट' आहे. माइक कन्सोलमध्येच आहे आणि १२ जणांपर्यंत बोलता येतं. ३१ मार्च २०२६ पर्यंत ते वर्गणीशिवाय खुलं ठेवलं होतं, त्यानंतर वर्गणी हवी. स्टीम डेकमध्येही माइक अंगचाच आहे.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर खेळता येतं का? डेटा किती जातो?

खेळताना जाणारा डेटा तुमच्या अंदाजापेक्षा बराच कमी असतो, कारण गेम आधीच यंत्रात असतो आणि फक्त हालचालींची माहिती ये-जा करते. तासाभराच्या व्हिडिओपेक्षा तो सहसा कमीच भरतो. डेटा खातात ते डाउनलोड आणि अपडेट, ते अनेक जीबींचे असू शकतात. ते घरच्या वाय-फायवर रात्रीच उरकून घ्या. स्ट्रीमिंगवर चालणारे प्रकार, म्हणजे वर सांगितलेलं रिमोट प्ले वगैरे, सतत व्हिडिओ पाठवत राहतात, तिथे हॉटस्पॉटचा नाद सोडा.

हॉटस्पॉटवर अडचण येते ती जोडणीची. स्विचवरचे बरेच गेम खेळाडूंची कन्सोल एकमेकांना थेट जोडतात, आणि मोबाइल नेटवर्कमध्ये एकाच पत्त्यामागे असंख्य ग्राहक असल्याने ही थेट जोडणी कधी होते, कधी होत नाही. कन्सोलच्या इंटरनेट सेटिंगमध्ये जोडणीची चाचणी घेतली की 'नॅट टाइप' दिसतो, म्हणजे थेट जोडणी कितपत होईल त्याची श्रेणी. ए किंवा बी असेल तर निर्धास्त खेळा. डी दिसला तर बऱ्याच भिडूंशी जोडणी होणार नाही, मग वेग कितीही असो.

बॅटरी किती पुरते?

२०१७ चा स्विच अडीच ते साडेसहा तास, २०१९ नंतरचा सुधारित साडेचार ते नऊ, स्विच २ दोन ते साडेसहा. स्टीम डेकचं एलसीडी मॉडेल दोन ते आठ, ओएलईडी तीन ते बारा. हे कंपन्यांनीच सांगितलेले आकडे आहेत. वायरलेस चालू असलेला, भरपूर हालचालींचा खेळ नेहमी खालच्या आकड्याच्या जवळ जातो. जॉय-कॉन वीसएक तास चालतात, पण जादा जोडी कन्सोलला लावल्याशिवाय किंवा वेगळ्या चार्जिंग ग्रिपशिवाय चार्ज होत नाही. पाहुणे येण्याच्या आदल्या रात्री तेवढं बघून ठेवा.

विमानाने जाताना पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवावी लागते, सामानात टाकता येत नाही. वजनाचाही विचार करा. जॉय-कॉनसह मूळ स्विच ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो, स्टीम डेक साडेसहाशेच्या आसपास.

कोणते खर्च आधी लक्षात येत नाहीत?

पहिला मेमरी कार्डाचा. मूळ स्विचमध्ये ३२ जीबी जागा आहे, दोन-चार मोठे गेम घेतले की भरते. स्विच २ मध्ये २५६ जीबी आहे, पण त्याला गेमसाठी मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं. जुनं कार्ड चालत नाही आणि नवं महाग असतं.

दुसरा फुकट गेममधल्या खरेदीचा. पोशाख आणि सजावट विकत घेतल्याने कुणी जास्त चांगलं खेळत नाही, तरी सगळ्या मित्रांकडे आहे म्हणून आपल्यालाही हवं, असं मुलांना वाटतंच. कन्सोलवर बँकेचं कार्ड साठवून ठेवू नका. ठरलेल्या रकमेचा प्रीपेड कोड घ्या आणि ती रक्कम मुलालाच सांभाळू द्या.

मुलं ऑनलाइन अनोळखी लोकांशी बोलतील, ही भीती आहे.

भीती योग्य आहे आणि उपायही आहेत. निन्टेंडोचं पालकांसाठीचं फुकट अ‍ॅप फोनवर घ्या. त्यातून खेळाची वेळ ठरवता येते आणि इतरांशी संवाद बंद ठेवता येतो. स्विच २ च्या 'गेमचॅट'साठी १६ वर्षांखालच्या मुलाला पालकांची परवानगी लागते, आणि कोणत्या मित्रांशी बोलायचं तेही पालकच मान्य करतात. पण त्याआधी एकदा शेजारी बसून त्यांच्यासोबत खेळा. कोण बोलतंय, कसं बोलतंय हे त्या तासाभरात जितकं कळतं तितकं कोणत्याही सेटिंगमधून कळत नाही.

कंपनीने सर्व्हर बंद केले तर?

असं होतं. डीएसची ऑनलाइन सेवा मे २०१४ मध्ये बंद झाली, त्यानंतर आलेल्या थ्रीडीएसची एप्रिल २०२४ मध्ये. त्या दिवसापासून त्या गेमचा ऑनलाइन भाग गेला. पण शेजारी बसून खेळायचा भाग आजही चालतो. १९८९ चे दोन गेमबॉय आणि मधली केबल धडधाकट असेल, तर त्यावर आजही दोघे टेट्रिस खेळू शकतात. म्हणून गेम निवडताना दोन सारखे आवडले तर लोकल खेळायची सोय असलेला घ्या. निन्टेंडोच्या दुकानात गेमच्या पानावर एका कन्सोलवर, लोकल वायरलेसवर आणि ऑनलाइन किती जण खेळू शकतात हे तीन वेगळे आकडे दिलेले असतात. पहिले दोन आकडे आधी वाचा.

सेकंडहँड घ्यावं का?

जरूर. खर्च कमी करायचा तोच सगळ्यात सोपा मार्ग आहे, विशेषतः दुसरं-तिसरं कन्सोल घ्यायचं असेल तेव्हा. घेताना सेटिंगमध्ये कंट्रोलरच्या काठ्या (अंगठ्याने फिरवायच्या स्टिक) तपासायचं पान उघडा आणि काठीला हात न लावता खूण मध्यभागी स्थिर राहते का ते बघा. ती आपोआप सरकत असेल तर त्याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि किमतीतून नव्या जोडीचे पैसे वजा करायला सांगा. कन्सोल विकणाऱ्याच्या समोरच फॅक्टरी रिसेट करून घ्या. मग तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटवर जोडून ऑनलाइन दुकान उघडा. बंदी आलेलं कन्सोल तिथे अडकतं. अडकलं तर ते घेऊ नका, किंमत कितीही उतरवली तरी.